मला कोण विचारतंय?

मी आठ वर्षांची असताना शेजारच्या कोळीणआजींबरोबर तारापोरवाला मत्स्यालयात गेले होते. आमची चाळ माहीमला, आजींचं घर चाळीला लागूनच कोळीवाड्यात. आई कामावर गेली की माझा दिवस त्यांच्या ओट्यावर जायचा. त्या दिवशी त्यांचा नातू आणि मी हट्टालाच पेटलो, म्हणून धंदा लवकर आटपून त्यांनी आम्हाला चर्नी रोडला नेलं. पाटी घरी ठेवली होती, हात लिंबाने धुतले होते, तरी लुगड्याला मासळीचा वास होताच. तिकिटाच्या रांगेत पुढे उभी असलेली एक बाई मागे वळून बघून दोन पावलं सरकली. आजींनी ते पाहिलं आणि माझा हात जरा घट्ट धरला.

आत अंधार आणि काचांमागे हिरवट उजेड. एका टाकीशी गर्दी होती. तळाशी वाळूत एक चपटा, परातीएवढा मासा स्वतःला अर्धा पुरून घेऊन पडला होता. एक गृहस्थ मुलाला पाटीवरचं इंग्रजी नाव वाचून दाखवत होते, खालचं तिरक्या अक्षरांतलं लॅटिन नावही अडखळत वाचत होते. मुलाचा प्रश्न वेगळाच होता, "पण तो हलत का नाही?"

"यो पाकट हाय रे बाला," आजी म्हणाल्या. आणि मग त्या बोलतच राहिल्या. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली, पोटाकडे, म्हणून तो असा पुरून बसतो. शेपटीला काटा असतो, तो लागला की माणूस रात्रभर ओरडतो. सोसेल तितक्या कढत पाण्यात पाय बुडवून बसलं की कळ उतरते. पाकट अंडी घालत नाही, पिल्लं देतो. मादी कापताना पोटात पिल्लं सापडतात, पानाच्या विड्यासारखी कडा दुमडून गुंडाळलेली. हे सांगताना आजींनी आपल्या पदराचं टोक दोन्ही बाजूंनी दुमडून दाखवलं. दहा मिनिटांत पंधरा-वीस माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. मत्स्यालयाचा एक कर्मचारीही मान तिरकी करून ऐकत होता. रांगेत सरकलेली ती बाई पुढच्याच ओळीत होती.

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना हे सगळं मला पुस्तकात भेटलं. जिवंत पिल्लं देणं, पोटाकडचं तोंड, सगळं. दंशावर कढत पाण्याचा उपाय तर वैद्यकाच्या पुस्तकातही निघाला. आजींना मी ते सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "त्यांना कुनी सांगितला?" एवढंच त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी तेव्हा हसून सोडून दिला. प्राण्यांविषयी कुणाचा शब्द मोजायचा, या सगळ्या विषयाचं मूळ आज मला तो प्रश्न वाटतो.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं, तेव्हा मुंबईचे कोळीवाडे शेकडो वर्षांचे जुने होते. मासा काचेमागे गेल्यावर त्याच्याविषयी बोलायचा हक्क कुणाकडे जातो, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि दहा मिनिटांपुरता तो हक्क परत आलेलाही पाहिला.

एम.एस्सी. झाल्यावर राज्यातल्या एका शहराच्या प्राणीसंग्रहालयात मी स्वयंसेवक म्हणून रुजू झाले. काम बिनपगारी. मला प्राणीपाल व्हायचं होतं, म्हणजे पिंजऱ्यामागच्या गल्लीत काम करायचं होतं. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की बाईमाणसाला पिंजऱ्याच्या कामाला पाठवता येत नाही. रात्रपाळी असते, मांस उचलावं लागतं, आणि मागच्या बाजूला बायकांना कपडे बदलायला जागा नाही. हे शेवटचं कारण अगदी खरं होतं. मुतारी होती ती पुरुषांची. भांडारात गमबूट मागितले तर आठ नंबरच्या खाली एकही जोड नव्हता. मी पुढे कागद कोंबून आठ नंबरचे बूट घातले आणि "फक्त निरीक्षण" या अटीवर मागच्या गल्लीत जायची परवानगी मिळवली. ओल्या फरशीवर ते बूट पायांच्या अर्धा सेकंद मागे यायचे. बिबट्याच्या दारापाशी अर्धा सेकंद म्हणजे काय, हे ज्याने तिथं काम केलंय त्यालाच कळेल. बाई या कामाला लायक नाही असं सिद्ध करायला बूटच पुरेसे होते, कुणी तोंडाने म्हणायची गरज नव्हती.

त्या गल्लीत मला मामा भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणत. तीस वर्षं नोकरी, वडिलांच्या जागी लागलेले. पिंजरे धुणारे बहुतेक जण ज्या वस्त्यांतून येत, शहराचे झाडूवालेही त्याच वस्त्यांतून येत. दोन्ही कामांना माणसं एकाच यादीतून घेतली जात होती. कागदोपत्री मामा कामगार होते, आणि त्यांच्याकडून अपेक्षित काम धुणं, टाकणं, उचलणं.

प्रत्यक्षात मामा काय करत, ते मी दोन वर्षं रोज पाहिलं. पहाटे गल्लीचं दार उघडलं की लगेच आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्यावर थांबत आणि वास घेत. "रातच्याला तरसानं काय खाल्लं न्हाई," असं म्हणत आणि आत गेल्यावर तसंच निघे. सरकत्या दाराची साखळी अडकवल्यावर कुलूप तीनदा ओढत, तिसऱ्यांदा डोळे मिटून. मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. त्या दिवशी वाघ चिडचिडा होतो पण बिबट्या उदास होतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मामांनी सांगितलं म्हणून मी पाहायला लागले आणि त्या प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांपुरतं तरी ते दर आठवड्याला खरं निघालं.

तिथं एक नर बिबट्या होता, उसाच्या फडातून आलेला. एका पावसाळ्यात मामा मला म्हणाले, "ताई, ह्याची दाढ दुखतीया." मला काहीच दिसत नव्हतं. बिबट्या मांस खात होता, फिरत होता. मामांनी दाखवलं. नेहमी तो तुकडा उजव्या बाजूने तोडायचा. आता मान वाकडी करून डाव्या बाजूने तोडत होता आणि हाड तसंच टाकत होता. "तीन दिस झालं." मामांनी मुकादमाला सांगितलं होतं. मुकादमाने वर सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. खुराकाच्या नोंदवहीत दोनच रकाने होते, दिलं किती आणि उरलं किती. उरलेलं हाड वजनात फारसं भरत नव्हतं, म्हणजे वहीप्रमाणे बिबट्या ठणठणीत होता. मी धीर करून साहेबांकडे गेले. स्वयंसेवकांनी कामगारांचं ऐकून डॉक्टरांच्या कामात लक्ष घालू नये, असं मला सांगण्यात आलं.

सोळाव्या दिवशी त्याच्या डोळ्याखाली सूज आली, तेव्हा ती सगळ्यांना दिसली. बेशुद्ध करून पाहिलं तर दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाने जबडा पोखरला होता. दोन दिवसांनी तो गेला. मामांनीच त्याला उचलायला हात लावला. मी रडत होते. मामा रडले नाहीत. पिंजरा धुऊन झाल्यावर पायरीवर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "मला आदीच ठावं हुतं. पन मला कोण विचारतंय?"

या वाक्यात तक्रार नव्हती. तीस वर्षांच्या सवयीने माणूस जसं बोलतो तसं ते बोलले होते, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

प्राणीसंग्रहालयं आणि मत्स्यालयं यांच्या कारभारात सगळ्या थरांतली माणसं असावीत, असं आता जगभर बोललं जातं. अमेरिकेत या चर्चेला फार जड इतिहास आहे. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयात माकडांच्या घरात ओटा बेंगा नावाच्या माणसाला लोकांना बघायला ठेवलं होतं. काँगोतल्या म्बुटी समाजातला तरुण. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याला आणलं होतं. बघायला झुंबड उडाली. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला, आमच्या माणसाला वानराशेजारी का ठेवलंय असं विचारलं, तेव्हा तो महिना संपायच्या सुमाराला त्याला तिथून हलवलं. १९१६ साली त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. त्या प्राणीसंग्रहालयाची चालक संस्था असलेल्या वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीने जाहीर माफी मागितली २०२० साली. ११४ वर्षांनी. ज्या संस्थेने एका माणसाला गजांच्या आत पाहिलं, तिथं त्याच्या रंगाच्या मुलीने उद्या गणवेश घालून किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावावा, यासाठी नुसती जाहिरात देऊन भागत नाही. मधली शंभर वर्षंही ओलांडावी लागतात.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. गोरगरीब, दलित, आदिवासी आपल्या प्राणीसंग्रहालयांत पहिल्यापासून आहेत. मागच्या गल्लीत. प्रवेशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न शब्दाला वजन मिळण्याचा आहे.

ते मिळालं तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. कोलकात्याचं अलिपूर प्राणीसंग्रहालय १८७६ मध्ये सुरू झालं. रामब्रह्म सान्याल नावाचा तरुण वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून तिथं साध्या कामाला लागला. काम करता करता रोज पाहिलेलं लिहून ठेवायचा. कुणी काय खाल्लं, कुणाला कशाने जुलाब झाले, कुणाची वीण केव्हा झाली. पुढे तोच त्या प्राणीसंग्रहालयाचा पहिला भारतीय अधीक्षक झाला. त्याच्या देखरेखीखाली ३० जानेवारी १८८९ रोजी सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जन्मलं. असा जन्म माणसाच्या देखरेखीत पुन्हा झाला तो थेट २००१ मध्ये, अमेरिकेत सिनसिनाटीला. १८९२ साली सान्याल यांनी बंदिवासातल्या प्राण्यांच्या व्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्याची दखल लंडनमध्ये घेतली गेली. वसाहतीच्या काळात, साहेबाच्या संस्थेत, एका देशी माणसाच्या पिंजऱ्यापाशी केलेल्या टिपणांचा ग्रंथ होऊ शकला. मामांच्या तीस वर्षांची एक ओळही कुठे नाही, स्वतंत्र भारतात.

दुसरं उदाहरण लंडनचं, आणि ते मी माझ्या आठ नंबरच्या बुटांसाठी जपून ठेवलंय. जोन प्रॉक्टर, जन्म १८९७. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने पिचलेली, तब्येतीपायी केंब्रिजला जाता आलं नाही. १९२३ साली, अजून तिशीही गाठलेली नसताना, ती लंडनच्या प्राणीसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. त्याआधी काही वर्षं एव्हलिन चीझमन तिथं कीटकविभाग सांभाळू लागली होती. तिला खरं तर पशुवैद्य व्हायचं होतं, पण लंडनचं पशुवैद्यक महाविद्यालय तेव्हा मुलींना घेतच नव्हतं. प्रॉक्टरला नुसती खुर्ची देऊन भागवलं नाही. सापांसाठी नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा त्याची आखणी तिच्याकडे आली. १९२७ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीत तिने प्रत्येक कप्प्याची ऊब वेगळी ठेवली, उजेड प्राण्यांवर आणि माणसं अंधारात अशी रचना केली, आणि अतिनील किरण आत येतील अशी काच वापरली, कारण उन्हाशिवाय सरड्यांची हाडं नीट वाढत नाहीत हे तिला दिसत होतं. कोमोडो ड्रॅगन आला तेव्हा तो माणूस खाणारा राक्षस म्हणून गाजलेला. तिने त्याला हाताने भरवलं, त्याची पाठ खाजवली, त्याला सोबत घेऊन प्राणीसंग्रहालयात फिरली. चालणं कठीण झालं तेव्हा चाकांच्या खुर्चीतून तिच्या फेऱ्या सुरू राहिल्या. १९३१ मध्ये ती गेली, वय ३४.

मला नेहमी वाटतं, आजारी शरीरात राहणाऱ्या माणसाला ऊब, उजेड, जागेची अडचण या गोष्टी धडधाकट माणसापेक्षा लवकर जाणवत असाव्यात. हा माझा अंदाज आहे. पण तो मनातून जात नाही.

मामांची धाकटी मुलगी तेव्हा बारावी सायन्स झालेली. तिला गल्लीतलं सगळं ठाऊक होतं, लहानपणापासून वडिलांचा डबा घेऊन यायची. मी तिला म्हटलं, तूही स्वयंसेवक म्हणून अर्ज कर. पदवी लागते, ती म्हणाली. आणि पदवी असती तरी बिनपगारी दोन वर्षं घरी कसं सांगणार? मी गप्प झाले. माझी आई नोकरीला होती म्हणून मला प्राण्यांवर प्रेम करणं परवडत होतं. अमेरिकेतही या व्यवसायाचं दार कित्येकदा असंच असतं. काही महिने फुकट काम करा, अनुभवाचा कागद मिळवा, मग नोकरी. ज्याच्या घरात चूल त्याच्या पगारावर पेटते, तो या दारापाशी पोचतच नाही. मामांची मुलगी एका कपड्याच्या दुकानात लागली.

काही वर्षांपूर्वी मी तामिळनाडूत वडनेम्मेलीला गेले. चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने मामल्लपुरमकडे जाताना ते लागतं. तिथं मद्रास क्रोकोडाइल बँक आहे, १९७६ साली रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी उभी केलेली. झाई मुंबईच्या, निसर्गअभ्यासक झफर फतेहअली यांच्या कन्या. मगरी पाहिल्याच, पण माझं खरं लक्ष आवारातल्या एका वेगळ्या जागेकडे होतं. ती साप पकडणाऱ्या इरुलांच्या सहकारी सोसायटीची जागा.

इरुला पिढ्यान्‌पिढ्या साप आणि उंदीर पकडणारा आदिवासी समाज. कातड्यासाठी साप पकडून विकणं हा त्यांच्या पोटाचा धंदा झाला होता. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे कातड्यांची निर्यात बंद झाली, आणि एका समाजाची चूल कायद्याने विझली. कायदा योग्य होता, हे मी ठामपणे म्हणेन. पण तो लिहिताना या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. व्हिटेकर यांनी विचारलं. साप शोधायला आपण इरुलांकडूनच शिकलो, हे ते उघडपणे सांगत आले आहेत. १९७८ मध्ये सोसायटी निघाली. आता ते साप पकडतात, पण मारत नाहीत. नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांचं विष काढतात, तीन-चार आठवड्यांनी साप परत सोडून देतात. सोडण्याआधी पोटावरचा एक खवला कातरतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. हे विष घोड्यांना अगदी थोड्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिसर्पविष तयार होतं. भारतात सर्पदंशावर जे औषध मिळतं, त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा विषाचा उगम या आवारातल्या मडक्यांत आहे. कोकणात आमच्या आजोळी फुरसं चावलेल्या माणसाला तालुक्याला नेऊन जी सलाइन लावतात, तिच्या मागेही कदाचित हीच माणसं असतील.

मडकी खरोखरच मातीची होती. तोंडाला सुती कापड, दोरीने आवळलेलं. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मोजदाद, कुठले साप किती. पन्नाशीचा एक माणूस आला, लुंगी वर खोचलेली, पायात काही नाही. त्याने एका मडक्याची दोरी सोडली. आतून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. घोणस. आकडीने त्याने ती उचलली, शेपटी हातात धरली, आणि मग डोकं कधी त्याच्या बोटांत आलं ते मला कळलंच नाही. इतकं ते सावकाश होतं, की घाई करणाऱ्या डोळ्याला दिसलंच नसावं. पडदा ताणलेल्या काचेच्या भांड्याच्या काठावर दात टेकवले. पिवळसर दोन-तीन थेंब ओघळले. साप पुन्हा मडक्यात, दोरी पुन्हा आवळली.

नंतर मी दुभाष्याकरवी त्याला विचारलं, माग बघून साप कुठल्या दिशेला गेला हे कसं ओळखता? तो उत्तर न देता उकिडवा बसला. वाळूत बोटाने एक नागमोडी रेघ ओढली. मग माझं बोट धरून वळणाच्या एका कडेवरून फिरवलं. तिथं वाळूचा बारीकसा उंचवटा होता. साप पुढे जाताना वाळू मागे ढकलतो, म्हणून उंचवटा मागच्या अंगाला. हे त्याने डोळ्यांनी दाखवलं नाही, बोटाला शिकवलं. मला एकदम आजींचा दुमडलेला पदर आठवला.

याच समाजातले मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल २०१७ मध्ये फ्लोरिडात गेले होते. तिथल्या दलदलीत बर्मी अजगरांनी धुमाकूळ घातलाय. ते तिथले नव्हेत, पाळलेले सुटून वाढले. २०१६ मध्ये अजगर पकडायची महिनाभराची स्पर्धा झाली, त्यात हजारावर माणसं उतरली आणि १०६ अजगर सापडले. या दोघांनी दोन आठवड्यांच्या आत १३ पकडले, त्यात एक १६ फुटी मादी. पाहिलं नव्हतं असं रान, असं गवत, असा साप. ज्यांच्याकडे विद्यापीठ होतं त्यांनी या दोघांना बोलावून विचारलं, ही गोष्ट मला पकडलेल्या अजगरांइतकीच महत्त्वाची वाटते. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

तरी वडनेम्मेलीहून परतताना माझं मन पुरतं निवलं नव्हतं. साप शोधणारे हात इरुलांचे आहेत, हे उत्तमच. पण त्यांच्या मुली पशुवैद्य व्हाव्यात, संचालकाच्या खोलीत बसाव्यात, कुठला साप किती दिवस ठेवायचा हे ठरवणाऱ्या कागदावर त्यांची सही असावी. तोवर मी या कामाला पुरं झालं म्हणणार नाही.

इथं मला एक गोष्ट स्वतःलाच बजावून सांगावी लागते. आजोळी लहानपणी दरवेशी यायचा, अस्वल घेऊन. आजी अस्वलाचा केस मागून माझ्या ताइतात घालायची. दरवेशाला अस्वलाची नस न् नस माहीत होती. आणि त्याच दरवेशाने पिल्लाच्या नाकातून तापवलेली सुई आरपार घालून दोरी ओवली होती, दात पाडले होते. प्राणी जाणणं आणि प्राण्याला जपणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंपरेचं ज्ञान म्हटलं की हात जोडून मोकळं होणं मला पटत नाही. पण आग्र्याजवळच्या अस्वलांच्या पुनर्वसन केंद्रात आज कलंदर समाजातली माणसं देखभालीच्या कामाला आहेत, ज्यांच्या वाडवडिलांनी अस्वलं नाचवली. मला हा मार्ग खरा वाटतो. माणसाला गुन्हेगार ठरवून दाराबाहेर ठेवायचं, की त्याला ठाऊक असलेलं घेऊन त्याला दुसरी रीत शिकवायची? नवी रीत शिकायची पाळी दोन्ही बाजूंवर असते. सुई सोडायला एकाने शिकायचं आणि ऐकायला दुसऱ्याने.

गेली सहा वर्षं मी एका लहानशा वन्यप्राणी उपचार केंद्रात आहे. जखमी घुबडं, रस्त्यावर चिरडलेले साप, विहिरीत पडलेली उदमांजरं असं काही ना काही रोज येतं. मदतनीस घ्यायची वेळ आली तेव्हा मी दोन गोष्टींसाठी भांडले. पहिल्या दिवसापासून पगार, आणि जाहिरातीत पदवीची अट नाही. तिसरी गोष्ट भांडून नाही, मुकाट्याने केली. बूट मागवताना चार नंबरपासून मागवले.

जवळच्या कातकरवाडीतली एक मुलगी लागली. दहावी झालेली, बोलायला लाजणारी. पहिले काही महिने तिच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे कठीण. बैठकीत मी मुद्दाम तिला विचारायचे आणि ती मान खाली घालायची. मग माझ्या लक्षात आलं, की खुर्च्यांच्या गोलात बसून बोलणं ही आमची रीत आहे, तिची नाही. नोंदवही काढून मी दिलं किती, उरलं किती या दोन रकान्यांपुढे पट्टीने एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, "काय दिसलं". कुणीही लिहायचं, कसंही लिहायचं, खाली नाव घालायचं. मामांना मी हे फोनवर सांगितलं. ते निवृत्त होऊन गावी गेलेत. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या येळी असली वही पायजे हुती."

पहिला महिनाभर तो रकाना कोराच होता. मग "ठीक" असं येऊ लागलं. मग एकदा "आज माती खाल्ली". मागच्या आठवड्यात एका गव्हाणी घुबडापुढे तिने लिहिलं होतं, शाईचं पेन फार दाबून, अक्षरं रेघेबाहेर गेलेली: "डावा पंख उघडताना थांबतं. काल थांबत नव्हतं." खाली पूर्ण नाव.

सकाळी डॉक्टर आले. हातमोजे घालता घालता त्यांनी वही उलटवली, ती ओळ वाचली, आणि मोजा अर्धाच चढवून बाहेर अंगणाकडे तोंड करून तिला नावाने हाक मारली.

"इकडे ये जरा. मला दाखव, नक्की कुठं थांबतं?"